लायनीवर

हे प्रेमाचं गाणं आहे हे मला तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं. त्यात माझी चूक फारशी नव्हती. गाण्यातला माणूस तोंड उघडतो आणि आधी आपला हुद्दा सांगतो. आपण काउंटीचे, म्हणजे अमेरिकेतल्या जिल्ह्याचे, लाइनमन आहोत, मोठ्या रस्त्यानं गाडी घेऊन फिरतो, उन्हातान्हात कुठल्या तारेवर जास्तीचा भार आलाय का ते हुडकतो. प्रेमगीत असं सुरू होतं का कुठं? आपल्याकडं एखाद्या भावगीताच्या मुखड्यात कुणी 'मी वीज मंडळाचा वायरमन' असं लिहून नेलं असतं, तर ते आकाशवाणीच्या पायरीवरूनच परत आलं असतं.

गाणं 'विचिटा लाइनमन'. गायक ग्लेन कॅम्पबेल, शब्द आणि चाल जिमी वेबची, साल १९६८. कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं गाणं, म्हणावं तर मागे व्हायोलिनांचा अख्खा ताफा आहे. पॉप म्हणावं तर गाणारा आर्कान्सासच्या कापसाच्या रानातून आलेला आहे आणि ते रान त्याच्या उच्चारातून गेलेलं नाही. अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांच्या यादीत ते पहिलं आलं आणि सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या यादीत तिसरं. लांबी जेमतेम तीन मिनिटं, कडवी दोनच.

मी ते ऐकलं २००३ च्या हिवाळ्यात. एका टेलिफोन कंपनीच्या बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळायला मला कॅन्ससमध्ये ओव्हरलँड पार्कला पाठवलं होतं. एका शनिवारी जुनी टोयोटा घेऊन मित्राकडे ओक्लाहोमा सिटीला निघालो. आय-३५ या रस्त्यानं सरळ दक्षिणेला जायचं, वाटेत विचिटा शहर लागतं. रेडिओवाल्यानं बहुधा गावाच्या नावासाठीच ते गाणं लावलं असावं. माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. पण पहिल्याच ओळीत 'लाइनमन' हा शब्द आला आणि माझा हात आपसूक आवाज वाढवायला गेला.

कारण आमचे आण्णा लाइनमन होते.

पोस्ट अँड टेलिग्राफ खात्याचे. पुढे १९८५ मध्ये पोस्ट वेगळं झालं, टेलिफोन वेगळं झालं. आण्णांच्या खाकी शर्टात मात्र काही फरक पडला नाही. माण तालुका, दहिवडी ते म्हसवड आणि त्याच्या आजूबाजूची गावं. सायकलच्या दांड्याला तारेचं भेंडोळं, कॅरिअरला पिशवी, पिशवीत पक्कड, रबरी हातमोजे, चिकटपट्टी आणि तपासणीचा फोन. हा फोन म्हणजे पट्ट्यानं खांद्याला अडकवायची पेटी. तिला एक दांडा होता. खांबावर चढायचं, पेटीच्या दोन वायरी दोन तारांना चिमट्यानं लावायच्या, दांडा गरगर फिरवायचा, की त्या लाइनीवरच्या सगळ्या फोनांच्या घंटा वाजायच्या.

आण्णांना शोधत कुणी घरी आलं की आई उंबऱ्यातूनच सांगायची, "ते लायनीवर गेल्यात." म्हणजे रानात, कुठल्या तरी खांबावर. आणि गावात पहिला फोन आला तेव्हा सरपंचांच्या घरातलं माणूस रिसीव्हर हातानं झाकून म्हणायचं, "लायनीवर साहेब आहेत." म्हणजे तारेच्या पलीकडे. एकच शब्द, एकात माणूस तारेवर आणि दुसऱ्यात तारेत. वेबच्या गाण्याची सगळी किमया या दुहेरी अर्थावर उभी आहे. शेवटी तो माणूस म्हणतो की मी अजून लायनीवर आहे. तो कामावर आहे की फोन कानाला धरून थांबलाय, हे इंग्रजीत जसं सुटत नाही तसं मराठीतही सुटत नाही. सहसा अशा कोट्या भाषांतरात मरतात. ही न मरता आमच्या घराच्या उंबऱ्यात आधीपासूनच बसलेली होती.

माणदेश ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कुसळं, माळ, मेंढरं, आणि नजर जाईल तिथवर रस्त्याच्या कडेनं गेलेले खांब. शाळेतून येताना आम्ही पोरं खांबाला कान लावायचो. आतून घूंऽऽ असा आवाज यायचा. कधी जाड, कधी बारीक, मधेच थांबायचा. आमची खात्री होती की ही मुंबई बोलतेय. एका मित्राला त्यात त्याच्या गिरणीतल्या चुलत्याचा आवाज ऐकू आला होता, आणि त्यावर त्यानं दोन दिवस आमच्याकडून चिंचा वसूल केल्या होत्या. मी आण्णांना विचारलं. ते म्हणाले, "वारं असतंय ते." मला फार राग आला होता. लाइनमनच्या पोरानं तरी वाऱ्यापेक्षा जास्त काहीतरी मिळायची अपेक्षा करायची नाही का?

जिमी वेबला मिळालं होतं. तो ओक्लाहोमातल्या एल्क सिटीचा, एका बॅप्टिस्ट पाद्र्याचा मुलगा. शेजारची काउंटी वॉशिटा. तिथल्या एका ओसाड, सपाट रस्त्यानं तो गाडी चालवत होता. एकसारखे खांब येत होते आणि मागे पडत होते. आणि दूर एका खांबाच्या टोकाला एक माणूस, कानाला फोन लावलेला. गाडी त्याच्या खालून गेली, आरशात तो लहान होत गेला. एवढंच. त्या माणसाचं नाव वेबला कळलं नाही, आणि आपल्यावर गाणं झालंय हे त्या माणसालाही कधी कळलं असेल असं वाटत नाही.

गाणं लिहिलं गेलं ते मात्र मागणीवरून. वेबचं 'बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स' कॅम्पबेलनं गायलं आणि ते गाजलं. मग कॅम्पबेलनं फोन करून तसंच अजून एक मागितलं, एखाद्या गावाचं. वेबला गावांचा कंटाळा आला होता. निदान नकाशावरचं काहीतरी दे, असं ठरलं. तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा होता, हॉलीवूडमध्ये एका मोठ्या घरात मित्रांच्या गोतावळ्यात राहत होता, आणि त्या मित्रांनी थट्टेत त्याचा पियानो हिरवा रंगवून ठेवला होता. त्या पियानोवर बसून त्याला वॉशिटाचा तो खांब आठवला. 'वॉशिटा' गाताना बसेना म्हणून 'विचिटा' केलं. दुपारभर स्टुडिओतून फोन येत राहिले, झालं का, झालं का. त्यानं दोन कडवी पाठवली आणि सांगितलं की तिसरं राहिलंय, अजून पुरं झालेलं नाही.

काही आठवडे उलटले, कुणी काही बोलेना. वेबला वाटलं, आवडलं नसावं. कॅम्पबेल भेटला तेव्हा त्यानं विचारलं, तर तो म्हणाला की ते तर आम्ही रेकॉर्ड करून टाकलं. अरे, पण ते पुरं नव्हतं! कॅम्पबेलचं उत्तर असं की, आता झालंय.

मला हा किस्सा फार आवडतो, आणि त्यातलं वेबचं घाबरणं जास्त आवडतं. लिहिणाऱ्याला नेहमी वाटतं की अजून एक कडवं हवं होतं, त्यात सगळं नीट सांगितलं असतं. ती कोण, कुठं आहे, भांडण झालंय का, मेली का, परत येणार का. सुदैवानं त्याला वेळ मिळाला नाही.

तिसऱ्या कडव्याच्या जागी काय आहे, तर गिटार. कॅम्पबेल मुळात स्टुडिओतला वादक, त्या काळच्या लॉस एंजलिसच्या धंद्यात सिनात्रापासून बीच बॉइजपर्यंत कुणाच्याही मागे वाजवणारा. नोटेशन त्याला वाचता येत नसे. बारा भावंडांत वाढलेला, आणि चार वर्षांचा असताना बापानं सिअर्स नावाच्या दुकानाच्या कॅटलॉगमधून पाच डॉलरची गिटार मागवून दिलेली. त्या दिवशी स्टुडिओत कॅरल के बेस गिटार वाजवत होत्या. गाण्याच्या सुरुवातीला पायऱ्या उतरत येणारी जी लकेर आहे ती त्यांची. त्यांच्याकडे डॅनइलेक्ट्रो नावाची सहा तारांची बेस गिटार होती, जाड, खर्जातली. कॅम्पबेलनं ती मागून घेतली आणि रिकाम्या जागेत गाण्याचीच चाल वाजवली, काही न सजवता. पुरुषानं घसा खाकरून गप्प राहावं तसा तो आवाज आहे. तिसऱ्या कडव्यात जे काही असणार होतं ते त्याहून बरं असतं असं मला वाटत नाही.

व्हायोलिनांची रचना ॲल डी लोरी यांची. त्यांनी पहिली ओळ ऐकली आणि त्यांना आपले काका दिसले, कॅलिफोर्नियात कर्न काउंटीत निर्मनुष्य जागी खांबावर चढलेले. हो, त्यांचे काकाही लाइनमन. हे मी वाचलं त्या रात्री मला उगाचच भाऊबंद भेटल्यासारखं झालं. व्हायोलिनं वर चढतात आणि एकाच तारस्वरावर थरथरत राहतात, ती तार आहे. आणि शेवटाकडे जो कुठूनतरी लांबून येणारा टिपटिप, पिपिप असा आवाज आहे, तो वेबच्या घरातल्या गलब्रॅन्सन ऑर्गनचा. कॅम्पबेलनं तो ऐकला आणि ते अवजड धूड उचलून स्टुडिओत आणायला लावलं.

मला पेटी थोडीफार येते, तेवढ्यावर सांगतो. गाणं एफ या पट्टीत सुरू होतं. कडवं संपेपर्यंत ते डीकडे सरकलेलं असतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. आणि शेवटी बी फ्लॅट आणि सी या दोन कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या दोन जुड्यांमध्ये, येरझाऱ्या घालत विरून जातं. त्या दोन कॉर्डनंतर कानाला एफ हवा असतो. तो येत नाही. आपल्याकडच्या शब्दांत, गवयानं तिहाई घेतली, मान सगळ्यांची तयार आहे, आणि सम आलीच नाही; मैफलीतले दिवेच हळूहळू मंद झाले. घराबाहेर पडलेला माणूस घरी न पोचता गाणं संपतं. हे वेबनं ठरवून केलं की हातून झालं, या वादात मी पडत नाही.

आता आण्णांच्या वतीनं दोन आक्षेप नोंदवून ठेवतो. हे गाणं मी त्यांना कधी ऐकवलं नाही, पण ते काय म्हणाले असते हे मला पाठ आहे. पहिला, काउंटीकडे टेलिफोनचं काय काम? तिकडं तेव्हा फोनचं जाळं बहुतेक बेल कंपनीचं. आणि तारेवर भार येतो तो विजेच्या. मग हा विजेचा माणूस की फोनचा? विजेचा असेल तर तिचा आवाज कुठून ऐकतोय? दुसरा आक्षेप जास्त गंभीर. गाण्यातला लाइनमन म्हणतो की मला थोडी रजा हवीय खरी, पण पावसाचं चिन्ह दिसत नाही. आण्णा इथं हसले असते. पाऊस आला की लाइनमनची रजा मिळत नसते, असलेली रद्द होते. वळवाच्या पहिल्या सरीला आमच्या घरात ताट वाढलेलं तसंच राहायचं. झाड पडलं, खांब कलला, खांबावर तार बसवायच्या पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत पाणी जाऊन लाइन बोलेना झाली.

बर्फाची ओळ मात्र त्यांनी मान्य केली असती. बर्फ पडला तर दक्षिणेकडचा तो पट्टा ताण सोसणार नाही, असं तो म्हणतो. आण्णांची प्रत्येक ऋतूत अशीच एक जागा असायची. "त्या ओढ्याच्या अलीकडचा गाळा या वाऱ्याला टिकत न्हाई," जेवताना एकदम म्हणायचे, कुणाशीही न बोलता. गाळा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. उन्हाळ्यात तार तापून ढिली पडते, थंडीत आखडते, तेव्हा ओढताना किती झोळ ठेवायचा हे हिशोबानं ठरतं. फार ताणली तर पौषात तुटणार, फार सोडली तर चैत्रात वाऱ्यानं दुसरीला चिकटणार. गाण्यातला माणूस तारेबद्दल बोलतोय की स्वतःबद्दल, हे विचारायची गरज मला कधी वाटली नाही. आण्णांना ओढ्याच्या अलीकडचा गाळा आठवायचा तेव्हा घरात काही ना काही आखडलेलं असायचं.

या दोन कामाच्या वाक्यांच्या पाठोपाठ ती ओळ येते. ज्या ओळीसाठी लोक पन्नासाहून अधिक वर्षं हे गाणं ऐकत आलेत ती. तिचा अर्थ साधारण असा: मला तू हवी आहेस, पण त्याहून जास्त मला तुझी गरज आहे, आणि हवी आहेस ती कायमची.

ही ओळ मराठीत आणायचा मी किती वर्षं प्रयत्न करतोय! वर लिहिलंय ते मला अजिबात पसंत नाही. अडतं ते 'गरज' शब्दावर. आपल्या भाषेनं गरजेला चांगलं वागवलेलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. गरजवंताला अक्कल नसते. मराठीत बायकोला 'मला तुझी गरज आहे' म्हणा, ती विचारेल, "काय काम होतं?" आणि 'हवी आहेस' म्हणजे नाटकातलं. उरतो तो आपला रोजचा, घरगुती, मळलेला शब्द: पाहिजे. मीठ पाहिजे, पाऊस पाहिजे, पोरीला वही पाहिजे, औषध पाहिजे. इंग्रजीत इच्छा आणि गरज यांची दोन दारं आहेत, म्हणून वेबला एका दारातून दुसऱ्या दारात जाता आलं आणि त्याची ती नामी ओळ झाली. आमच्या 'पाहिजे'त दोन्ही एकाच खोलीत राहतात. म्हणजे ही ओळ मराठीत येतच नाही असं म्हणावं, की मराठी माणूस दिवसातून दहा वेळा ती बोलतो असं म्हणावं?

आणि ती ओळ कुणाला उद्देशून आहे? समोर कुणी नाही. फोनही बहुतेक जोडलेला नाही. तारेच्या गुणगुणीत त्याला तिचा आवाज ऐकू येतो आणि तो त्या गुणगुणीला उत्तर देतो. तिला हे कधी कळणार नाही. मग लगेच पुन्हा कामाला लागतो. बायकांना गुलाब देणाऱ्या गाण्यांमध्ये मला जरा अवघडल्यासारखं होतं. हे गाणं ऐकताना होत नाही, कारण इथं बोलणाराच अवघडलेला आहे.

वाऱ्याचं एक सांगायचं राहिलं. आण्णा बरोबर होते, पण पूर्ण नाही. तारेवरून वारा जाताना तारेच्या मागे एकदा वरच्या बाजूनं, एकदा खालच्या बाजूनं असे भोवरे सुटतात आणि त्यातून सूर निघतो. त्याचं गणित अगदी सोपं आहे: वाऱ्याच्या वेगाचा पाचवा हिस्सा घ्या आणि त्याला तारेच्या जाडीनं भागा. तीन मिलिमीटर जाडीची तार आणि सेकंदाला तीन मीटर वाहणारं वारं, म्हणजे झाडाची पानं हलवणारी साधी झुळूक. उत्तर येतं २०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दोनशे कंपनं. बाईमाणूस नेहमीच्या आवाजात बोलतं ते साधारण याच पट्टीत. हे मी एका रात्री ऑफिसातल्या फळ्यावर सोडवलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. गाण्यातला तो माणूस भ्रमिष्ट नव्हता.

याहून मजेची गोष्ट मला नोकरीतच कळली होती. टेलिफोनची यंत्रणा बोलण्यातलं ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही पुढं पाठवत नाही. म्हणजे फोनवर तुम्ही आईशी बोलता तेव्हा तिचा मूळ स्वर तारेतून येतच नाही. वरचे वरचे अंश येतात, आणि गाळलेला पाया ऐकणाऱ्याचा मेंदू स्वतः भरून काढतो. आपल्याला वाटतं तिचाच आवाज आहे. असतो, पण अर्धा आपण केलेला.

२०११ च्या जून महिन्यात कॅम्पबेलच्या घरच्यांनी जाहीर केलं की त्याला अल्झायमर झालाय. मग तो निरोपाच्या दौऱ्यावर निघाला, आपली मुलं साथीला घेऊन. समोर पडद्यावर शब्द लावलेले असायचे, तरी काही वेळा ओळ निसटायची, एकच गोष्ट दोनदा सांगितली जायची. आणि गिटारची जागा आली की बोटं चालायची. तिसऱ्या कडव्याची ती रिकामी जागा, तिच्यात विसरण्यासारखे शब्दच नव्हते. हा दौरा मी तुकड्यातुकड्यांनी पाहिलाय, एका बैठकीत कधी जमलं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात नापाला शेवटचा कार्यक्रम झाला. ८ ऑगस्ट २०१७ ला नॅशव्हिलला तो गेला.

आण्णा त्याच्या आधी गेले. त्यांना विसर वगैरे काही पडला नव्हता. शेवटच्या आठवड्यातही कुठल्या खांबाला मधमाश्यांचं पोळं असायचं ते सांगत होते.

कॅन्ससमध्ये असताना मी दर रविवारी फोन करायचो. तेव्हा कार्ड मिळायची, नाण्यानं खरवडून नंबर काढायचा, तो दाबायचा, मग वीस आकडी काहीतरी, मग घरचा नंबर. आवाज घुमायचा, आपलंच बोलणं अर्ध्या सेकंदानं परत यायचं. फोन आण्णाच उचलायचे. आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"आवाज येतोय न्हवं नीट?"

"येतोय आण्णा."

"बरं. घे, आईला देतो."

एवढंच. तीन वर्षांत यापेक्षा लांब बोलणं आमचं झालं असेल तर पाच-सहा वेळा. मला राग यायचा. सात समुद्रापलीकडं पोरगं आहे, तापानं फणफणलंय की नोकरी गेलीय, काही विचारावं. यांना लाइनीची पडलेली. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी खातं डोक्यातून जात नाही, असं मी बायकोला म्हणायचो. तिसऱ्यांदा गाणं ऐकलं ते अशाच एका रविवारी, फोन ठेवल्यावर. एवढं सांगून पुढं जातो.

ऑगस्ट २०१७ मध्ये मी पुण्यात होतो, आई माझ्याकडे आली होती. कॅम्पबेल गेल्याची बातमी आली, मी मोबाइलवर गाणं लावलं. आई भाजी निवडत बसली होती. तिनं विचारलं काय म्हणतोय, तर मी ओळीओळीनं सांगत गेलो. लाइनमन म्हणल्यावर तिनं मान वर केली. रस्ता, ऊन, तार, बर्फ, सगळं सांगितलं. तारेत त्याला तिचा आवाज ऐकू येतो, हेही.

"बाई कुठं हाय मग?" आईनं विचारलं.

"ते गाण्यात सांगितलेलं नाही."

"म्हायेरी असंल."

मी हसलो. ती हसली नाही. गवारीच्या शिरा काढत तिनं सांगितलं ते असं. धाकट्या बहिणीच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी होती, म्हसवडच्या पुढं. पाच महिने. गावात फोन एकच, पोस्टात. तिथून पोस्टमास्तर पोरगं पिटाळायचे, "वैनी, चला, लायनीवर तुमचं मालक हायत." ही तशीच, पदर सावरत, ओल्या हातानं पोस्टात. आत चार माणसं बसलेली, पाकिटं चिकटवणारी, मनीऑर्डरीला थांबलेली. सगळ्यांचे कान इकडं. रिसीव्हर कानाला लावला की पलीकडून खूप वारं वाहत असायचं.

"काय बोलायचे आण्णा?"

"काय बोलत्यात? म्हणायचं, आवाज येतोय न्हवं नीट? मी म्हणायची, येतोय. म्हणायचं, बरं, ठेवतो."

"आणि?"

"आन् काय. झालं. दर बुधवारी. लाइन तपासायचं न्हवं का."

मी हिशोब केला. पाच महिने, म्हणजे वीसेक बुधवार.

"इतकी सारखी बिघडायची लाइन तिकडची?"

आईनं निवडलेली गवार ताटात सारखी केली, शिरा कागदात गुंडाळल्या आणि उठता उठता म्हणाली, "लायनीला काय धाड भरली होती!"